खळ्यातल्या आबांना, अंगणवाडीच्या ताईकडून

तीर्थस्वरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं नाव काढून विषय बदलता. ग्रामसभेत शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, तर नेमके त्याच दिवशी चोपड्याला निघून गेलात. (आजींनी सांगितलं, काम काही नव्हतं.) म्हणून हिवाळाभर तुमचं खळं आमच्या अंगणवाडीला दिलंत त्याबद्दल हे पत्र, आणि तेही उघडं, चारचौघांनी वाचावं असं.

आमची खोली तुम्ही रोज बघता. दार उत्तरेला, मागे गोदामाची उंच भिंत, उन्हाला आत यायला वाटच नाही. खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातले ४५ अंश तेवढे आठवतात. मार्गशीर्ष-पौषात सातपुड्याकडून वारा सुटला की पहाटे पारा १०च्या खाली उतरतो आणि धुळ्याकडे तर एखाद्या वर्षी पाच-सहावर येतो, हे त्यांना सांगून पटत नाही. अशा दिवसांत तीन वर्षांचं पोर शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून बसवलं, तर ते गुडघे पोटाशी घेऊन नुसतं बसून राहतं. त्याला गाणं नको असतं, चित्र नको असतं. हात बाहीच्या बाहेर काढायलाच ते तयार नसतं, मग खडू धरणार कसा? आयाही उठवून पाठवेनात. त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हा तुम्ही कुंपणाशी येऊन म्हणालात, "पोरे काकडी राह्यनात, ताई. खयामा लई या." (पोरं थंडीने कुडकुडतायत, खळ्यात घेऊन या.)

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी आम्ही रस्ता ओलांडून आलो तेव्हा मी काय काय पाहिलं, ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. खळं झाडून, सडा टाकून तयार होतं. ट्रॅक्टर गोठ्यामागे नेऊन लावलेला. कुत्रा बांधलेला. कपाशीच्या फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे एरवी पडवीत असतात, ते उचलून कोठीत ठेवून वर कुलूप. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लहान लेकरांची जागा म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच हे सुचतं. आणि तुमची अट एकच होती: पोरांना 'हात लावू नको' म्हणायचं नाही.

ती अट पाळायची म्हणजे माझ्यासारखीचा जीव खालीवर. पण त्या अटीमुळेच आमचा हिवाळा पार पडला, असं मी आता म्हणेन.

खोबरेल तेलाची गोष्ट घ्या. थंडीत पोरांचे गाल फुटतात, हाताच्या पाठी खरबरीत होतात, म्हणून मी बाटली आणलेली. सकाळी तेल दगडासारखं गोठलेलं. मी आपली बाटली बंबाच्या गरम पाण्यात बुडवणार होते. तुम्ही ती माझ्या हातातून घेतली आणि ओट्याच्या उन्हात ठेवून दिलीत. पोरं भोवती उकिडवी बसली. आधी काचेला लागलेली कड पारदर्शक झाली, मग मधला पांढरा गोळा सुटून तरंगायला लागला. मोठ्या गटातल्या एकीने बाटली आडवी करून पाहिली, गोळा सरकला, आणि जो काही ओरडा झाला तो गोठ्यातल्या म्हशीनेही मान वळवून ऐकला. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या पुढे वितळतं, हे मला ठाऊक होतं, तक्त्यावर चित्र काढून सांगताही आलं असतं. पण मग त्यांनी स्वतः ओंजळ पुढे केली नसती. त्या दिवशी एकमेकांच्या गालाला तेल लावण्यात सगळा वेळ गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तेल 'उठलं का' हे बघण्यासाठी पोरं आयांना ओढत आणू लागली. हजेरी त्या बाटलीने वाढवली.

कापसाचंही तसंच. भाव येईल म्हणून तुम्ही घरात भरून ठेवलेल्या कापसातून टोपलीभर बाहेर आणलात. बोंडातला कापूस पिंजून सरकी वेगळी काढायची, हे काम बोटांना किती अवघड असतं! अंगठा आणि पहिलं बोट जुळल्याशिवाय सरकी सुटतच नाही. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. त्यासाठी आमच्याकडे मणी ओवायचे असतात, पण मणी ओवून झाले की पोरं उठतात. सरकी काढताना उठली नाहीत, कारण शेजारी आजी त्याच कापसाच्या वाती वळत होत्या आणि कोणाचा कापूस वातीला चालेल, कोणाचा नाही, हे तोंडावर सांगत होत्या. आजींच्या परीक्षेत नापास झालेलं पोर रडायचं नाही, पुन्हा पिंजायला बसायचं. हे मी मणी देऊन कधी करू शकले नव्हते. दादर ज्वारी, गहू, मका, तूर, हरभरा एका सुपात मिसळून निवडायला दिलेत तो दिवसही असाच गेला, फक्त त्यात निम्मा हरभरा पोटात गेला.

सावल्यांचा खेळ मात्र सगळा तुमचा. सकाळी पोरांना ओळीने उभं करून तुम्ही चुन्याने सावलीभोवती रेघ ओढलीत. लांबच लांब सावल्या, ताडाच्या झाडागत. मग डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास, घरी जायच्या आधी साडेबाराच्या सुमारास पुन्हा सगळ्यांना उभं केलंत. आपल्याकडे त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे अर्ध्यावर झुकलेला असतो. त्यामुळे सावली जवळजवळ आपल्याच उंचीची पडते. तुम्ही त्या गोबऱ्या पोराला त्याच्या सावलीच्या रेघेत आडवं झोपवलंत. टाच टाचेला, डोकं डोक्याला, बरोबर मावला. तो उठेचना. मग प्रत्येकाला झोपायचं होतं आणि सगळे चुन्याने पांढरे होऊन घरी गेले. आयांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कपड्यांवरून आठवलं. आपल्याकडची थंडी विचित्र. नऊला कानटोपी, मफलर, दोन स्वेटर. अकराला पोर घामाघूम. मग स्वेटरांचा ढीग आणि "मना कोणता?" म्हणून रडारड. नावं वाचता येणारं वय नव्हे ते. आजींनी प्रत्येकाच्या कॉलरला आतून वेगळ्या रंगाचा दोरा टाकून दिला आणि तो गोंधळ मिटला. शिवाय स्वेटर काढणं, उलटी बाही सुलटी करणं, बटण लावणं हे पोरं आपसूक शिकली, कारण दिवसातून दोनदा करावंच लागत होतं.

वजनाच्या दिवशी तुमच्या खळ्याचा जो उपयोग झाला, तो माझ्या मदतनीस मावशींनाच कळेल. पोराचं वजन अंगावर कमीत कमी कपडे ठेवून घ्यायचं असतं, नाहीतर स्वेटरचं वजन पोराच्या नावावर चढतं आणि कमी वजनाचं बाळ कागदावर ठीकठाक दिसतं. थंड खोलीत कुठली आई स्वेटर काढू देईल? उन्हात काटा मांडला आणि एकही आई नाही म्हणाली नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये मी या हिवाळ्यात भरलेले आकडे खरे आहेत, एवढं छातीठोक सांगू शकते.

आणि तुमच्या सालदाराची मुलगी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ते कुटुंब सातपुड्यातून तुमच्या मळ्यात आलं, तेव्हापासून ती माझ्याकडे येत होती. घरी पावरी बोलणारी. माझ्याकडे येऊन बसायची, जेवायची, जायची. मी मराठीत विचारलं, अहिराणीत विचारलं, ती नुसती बघायची. तुम्ही सालदारांबरोबर राबून पावरी शिकलेले. त्या सकाळी गोठ्यातलं वासरू दाखवत तुम्ही तिच्याशी काहीतरी बोललात, आणि ती जी सुरू झाली ती थांबेना! काय बोलत होती ते मला अर्धंच कळलं. नंतर तुम्ही सांगितलंत की वासराला कसं बांधायचं यावर ती तुमच्या चुका काढत होती. आता ती छोट्या गटाला दटावते. मी तुमच्याकडून पावरीतली चार वाक्यं पाठ केली आहेत, पण ती माझ्या उच्चारांना हसते.

कृतज्ञता वाटते ती आणखी एका गोष्टीची. थंडीची लाट आली तेव्हा तुम्ही रात्र रात्र केळीच्या बागेत होता. पारा उतरला की केळीची वाढ खुंटते, निसवण (घड बाहेर पडणं) लांबते, म्हणून बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करत जागत होता, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. तरी सकाळी खळं झाडलेलं असायचं. डोळे लाल, अंगाला धुराचा वास. पोरांनी विचारलं तर म्हणालात, केळीला थंडी वाजते. झालं. एका शहाण्याने आपला मफलर ओट्याशेजारच्या केळीच्या पिलाला गुंडाळला. त्याची आई दोन दिवस मफलर शोधत होती आणि तुम्ही तो सोडू देईनात.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला हेच केलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवतात, आम्ही वहीत लिहून घेतो, आणि मग खोली मिळाली की तीत जाऊन बसतो. खोली हवीच, पावसाळ्यात आणि वैशाखात तिच्यावाचून गत नाही. पण हिवाळ्याचे हे तीन महिने पोरांना चार भिंतींत ठेवू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. पर्यवेक्षिका बाईंनाही मी तेच बोलले.

भरिताबद्दल लिहिलं नाही तर पालक मला सोडणार नाहीत. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, पण आमच्या पोरांना ते मिळालं तुमच्या खळ्यात. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेली ती पांढुरकी हिरवी वांगी सोलायला पोरांना दिलीत, थंड करून. काळी साल निघून आतला लुसलुशीत गर हाताला लागला की प्रत्येक चेहरा वेगळा व्हायचा. लाकडी बडगीत मुसळीने कुटायला रांग लागली. बिनमिरचीचं वेगळं काढलंत, तरी दोघांनी मोठ्यांच्या घमेल्यात बोट घातलंच. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी एरवी न खाणारी पोरंही खाताना पाहिली. संक्रांतीनंतरचं बोरन्हाणही तिथेच झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि लुटायला पोरांपेक्षा आया पुढे.

आता हरभरा काढणीला येईल, मागून गहू. खळं तुम्हाला लागेल. आम्ही खोलीत परततो. ऊन तापायला लागलं आहे, तेव्हा तीच खोली बरी वाटेल. दुपारी वेळ असेल तर येत जा, पोरं विचारतात.

तुमची ताडपत्री धुऊन वाळत टाकली आहे. ती, बडगी आणि दोन घमेली मदतनीस मावशी संध्याकाळी आणून देतील. एका घमेल्याला चुना लागला आहे, तो घासूनही निघाला नाही.

आपली,
अंगणवाडीची ताई