हात आखडता घेताना

वारझाझात, मोरोक्को
एप्रिल 2019

प्रिय मित्रा,

काल संध्याकाळी वाळवंटातून इथे हॉटेलात परतलो. दोनदा अंघोळ झाली, तरी कानात, नखांत, बॅगेच्या शिवणींत वाळू आहेच. सकाळी चहा घेतला आणि तुलाच लिहायला बसलो. फोनवर सांगायला गेलो असतो तर नुसती मजा सांगून झाली असती, आणि मला सांगायचंय ते राहून गेलं असतं.

मी ज्या वाळवंटातल्या आठवडाभराच्या धावशर्यतीत मदतीला आलो, ती सुरू कोणी केली, असं मी निघताना तू विचारलं होतंस. पॅट्रिक बाउअर नावाचा फ्रेंच माणूस 1984 साली सहारात एकटाच सुमारे 350 किलोमीटर चालला, बारा दिवस, खाणं-पाणी पाठीवर घेऊन. त्याच अनुभवावरून 1986 मध्ये त्याने ही शर्यत, मॅरेथॉन दे साब्ल (वाळूची मॅरेथॉन), सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त 23 जण होते. यंदा सात-आठशे तरी होते. माझं फ्रेंच बरं आहे आणि फ्रान्समधल्या नोकरीत रजाही शिल्लक होती, म्हणून स्वयंसेवकांत वर्णी लागली.

शर्यतीचा मूळ नियम असा, की आठवडाभराचं सगळं आपलं आपण वाहायचं. दिवसाला किमान 2000 कॅलरींचं खाणं, झोपायची पिशवी, होकायंत्र, शिट्टी, इशाऱ्याचा आरसा, विष ओढून काढायचा पंप, सगळं पाठीवर. आयोजक देणार ते पाणी, मिठाच्या गोळ्या आणि रात्री आठ जणांत एक काळा बर्बर तंबू. पाणीही मोजून.

मी पाण्याच्या टेबलावर होतो. धावपटू आला की त्याचा नंबर मोठ्याने वाचायचा, यादीत खूण करायची, त्याच्या कार्डावर छिद्र पाडायचं आणि दीड लिटरची बाटली हातात द्यायची. बाटलीवर आणि झाकणावर त्याचाच नंबर मार्करने लिहिलेला. कुणी बाटली वाटेत टाकली तर टाकणारा कळतो आणि दंडाचा वेळ लागतो. ठरल्यापेक्षा जास्त पाणी मागितलं तरी दंडाचा वेळ. यादीतली खूण मात्र मी जिवाच्या कराराने केली. 1994 साली मॉरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू इथेच वाळूच्या वादळात भरकटला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जीरियात सापडला. हे ऐकलेलं असलं की एखाद्या नंबरापुढची रिकामी चौकट नुसती पाहवत नाही.

आता मुख्य गोष्ट. आठवतं, नातेपुत्याला आपण वारकऱ्यांचे पाय चोळायला बसलो होतो? तेलाची बाटली संपली तेव्हा तू किराणावाल्याला झोपेतून उठवलं होतंस. ज्याला जे लागेल ते द्यायचं, सेवा म्हणजे हेच, असं माझ्या अंगात मुरलेलं होतं. आळंदी ते पंढरपूर अंतरही जवळजवळ या शर्यतीएवढंच. इथे मात्र समोर माणूस कोरड्या पडलेल्या ओठांनी उभा असतो, टेबलाखाली बाटल्यांचे गठ्ठे असतात, आणि तरी एकच द्यायची. पहिल्या दिवशी मला ते अमानुष वाटलं. आम्हाला संध्याकाळी स्वयंपाक्यांच्या हातचं गरम जेवण, आणि धावपटू विस्तवावर पाणी ठेवून पाकिटातला भात भिजवणार. मी त्यांच्या तंबूंच्या बाजूला जेवलो नाही. घास उतरला नसता.

दुसऱ्या दिवशी मेर्झुगाच्या टेकड्या होत्या, एर्ग शेबी. टेकड्या कसल्या, दीडशे मीटरपर्यंत चढलेले वाळूचे डोंगर, तेही सलग दहा-बारा किलोमीटर. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे घसरतं. त्याच दिवशी कुठूनसा एक कुत्रा शर्यतीत शिरला आणि पुढे रोज धावपटूंबरोबर पळाला. लोकांनी त्याचं नाव कॅक्टस ठेवलं. त्याला कार्ड नाही, दंड नाही. मी वाडग्यात पाणी ओतलं, तो प्यायला, मी आणखी ओतलं. आठवडाभरात हात सैल सोडून दिलेलं तेवढंच पाणी. माझे डोळे भरून आले, तुला सांगायला संकोच नाही.

चौथा टप्पा लांबचा, पंचाहत्तर किलोमीटरच्या वर. पुढचे संध्याकाळच्या आत पोचतात, बाकीचे रात्रभर चालत असतात. अंधारात लांबून आधी कपाळावरच्या दिव्यांचे ठिपके दिसतात, मग पाठीवरच्या चमकत्या नळ्या, आणि मग वाळूत रुतणाऱ्या काठ्यांचा आवाज. पहाटे तीनच्या सुमारास एक बाई आल्या. साठीच्या असतील. कार्ड पुढे केलं तेव्हा बोटं थरथरत होती. बाटली घेऊन त्या वाळूतच बसल्या आणि एक बूट काढला. टाच, अंगठा, करंगळी, सगळीकडे पट्ट्या, आणि पट्ट्यांखालून डॉक्टरांनी लावलेल्या औषधाचा लाल रंग फुटलेला. बूट झटकला तर ओंजळभर वाळू पडली. त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक दाताने फाडलं, नीट गुंडाळलं, आणि पुन्हा पाय बुटात घालायला लागल्या. बूट जाईना.

मी सॅक उचलून धरायला पुढे झालो. विचार करून नव्हे, हात आपोआपच गेला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि फ्रेंचमध्ये हळूच म्हणाल्या, "राहू द्या. ही माझी आहे." त्यात राग नव्हता, अभिमानही नव्हता. देवघरातली एखादी वस्तू आपण परक्याच्या हातून अलगद परत घेतो ना, तसं. पाच मिनिटं गेली. मी समोर उकिडवा बसलो आणि नुसता कंदील धरला. शेवटी बूट चढला. त्या उठल्या, सॅक खांद्यावर घेतली आणि गेल्या.

त्या पाच मिनिटांत कंदील धरण्यापलीकडे मी काही केलं नाही, आणि तरी आठवडाभरातलं माझं सगळ्यात खरं काम तेच, असं मला मनापासून वाटतं. मी सॅक धरली असती तर माझं मन हलकं झालं असतं आणि त्या ज्यासाठी वर्षभर झटल्या त्यातला एक तुकडा मी उचलून नेला असता. दिलेलं नेहमी घेणाऱ्याच्याच उपयोगाचं असतं असं नाही रे. नातेपुत्याला ते कळायची गरज पडली नव्हती, कारण तिथे पाय पुढे करणारा स्वतःहून पुढे करत होता.

सगळ्यांत मागे दोन उंट चालतात. त्यांनी तुम्हाला गाठून मागे टाकलं की शर्यत संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी तळावर एकाएकी गलका झाला. सगळे आपापले फोड आणि पट्ट्या घेऊन लंगडत तंबूंबाहेर आले, दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. शेवटचे दोघं येत होते, मागे उंट. पहिल्या नंबराला मी एवढ्या टाळ्या ऐकल्या नव्हत्या. त्या बाई माझ्या पलीकडेच उभ्या होत्या, अनवाणी, हातात थंड कोकचा डबा. विसाव्याच्या दिवशी प्रत्येकाला एक मिळतो. मला त्यांनी ओळखलं नाही, अंधारात चेहरा दिसला नसणार. मीही ओळख दिली नाही.

शेवटच्या रेषेवर त्यांचा नंबर यादीत आला, खूण पडली.

जूनच्या शेवटी मी येतोय. आषाढीच्या आधी पालखी नातेपुत्याला असेल तेव्हा दोन दिवस मोकळे ठेव. तेल या वेळी मी आधीच घेऊन ठेवतो. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा