बाळाचा घास आणि मिक्सरचं भांडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाचं वरचं अन्न घरी करायचं तर स्वयंपाकघरात काय काय घ्यावं, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. यादी मोठी आहे. वाफवून तिथेच वाटून देणारं यंत्र, हँड ब्लेंडर, सिलिकॉनचे साचे, दाबला की खीर बाहेर येणारा बाटलीचा चमचा. कुठलं किती वॅटचं, कुठल्या रंगात मिळतं, हेसुद्धा दिलंय. मात्र त्यात कमीत कमी किती अन्न नीट वाटलं जातं, हे एकाही वस्तूपुढे लिहिलेलं नाही. माझ्या मते दुकानात पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

मी सातारा जिल्ह्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते, आता निवृत्त आहे. बाळाला काय घालावं हे आयांना बहुतेक ठाऊक असतं. वरण-भात, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा, केळं, ही नावं त्या आमच्याआधी घेत. गाडी अडायची ती अन्नाच्या दाटपणावर. आणि दाटपणा बिघडतो तो बऱ्याचदा भांड्यामुळे.

सहा महिने पूर्ण झालेलं बाळ सुरुवातीला एका वेळेला दोन-तीन चमचे खातं, हळूहळू अर्ध्या वाटीवर येतं. आपल्याकडच्या मिक्सरचं मोठं भांडं दीड लिटरचं, मधलं लिटरभराचं, आणि चटणीचं म्हणतात तेही पाव लिटरच्या वरच. त्यात दोन चमचे मऊ भात घातला की पातं नुसतं हवेत फिरतं आणि भात कडेला चिकटून बसतो. एकदा झाकण उघडून खरवडतात, दोनदा खरवडतात, तिसऱ्यांदा पाणी ओततात. पाणी पडलं की पातं धरतं, छान गुळगुळीत होतं, आणि आईला वाटतं जमलं! बाळाच्या पोटाची जागा मात्र वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. सात किलोच्या बाळाला म्हणजे २०० मिलिलिटरच्या आसपास. त्यातली निम्मी जागा पातं फिरावं म्हणून घातलेल्या पाण्याने भरली, तर बाळ वाटी संपवतं, तासाभरात रडतं, आणि वजनाच्या तक्त्यावरची रेघ आडवी होते. मग घरात चर्चा सुरू होते ती नजर लागल्याची.

आम्ही बैठकीत एक साधी गोष्ट करून दाखवायचो. खीर चमच्यात घ्यायची आणि चमचा जरा तिरका करायचा. लगेच ओघळली तर ती पातळ. चमच्यावर टिकून राहिली आणि मग सावकाश घसरली तर बरोबर. याला यंत्र लागत नाही.

खीर फारच घट्ट झाली तर पाण्याऐवजी मोड आलेल्या नाचणीचं पीठ वापरावं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजायची, दळायची. शिजलेली खीर कोमट झाली की त्यातलं चमचाभर पीठ घालून ढवळायचं. बघता बघता खीर सैल होते, कारण मोडांमध्ये पिष्ट फोडणारा पाचक रस तयार झालेला असतो. नंतर पुन्हा एक उकळी द्यायची. पाणी वाढत नाही, दाणा तेवढाच राहतो. या सगळ्याला लागतं काय, तर एक सुती फडकं आणि एक चाळणी. पुरवणीत दोन्ही नाहीत.

आता यंत्राबद्दल. माझी सून नोकरी करते, तिला ते वाफवणारं-वाटणारं यंत्र बारशाला भेट आलं. ती ते वापरते, मी नाकं मुरडत नाही. गाजर-भोपळा वाफवून त्याच भांड्यात वाटायला ते बरं आहे आणि त्याचं भांडं लहान आहे, हा त्याचा खरा गुण. पण खाली साचलेलं वाफेचं पाणी सगळंच्या सगळं आत ओतायचं नाही. दुसरं म्हणजे त्याला एकच काम येतं, गुळगुळीत लगदा करणं. आठव्या महिन्यात बाळाला कणी कणी असलेलं अन्न लागतं, हातात धरून चघळायचे तुकडे लागतात, आणि वर्षाच्या सुमारास ते घरच्या ताटातलंच जेवतं. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळी तोंडात गेलीच नाही तर पुढे मूल प्रत्येक घास थुंकतं, अशी पोरं मी खूप पाहिली. एवढं महाग यंत्र दोन-तीन महिन्यांत कपाटात ठेवायचं हे मनाला पटत नाही, म्हणून घरोघर लगदाच चालू राहतो.

त्यापेक्षा पुरणयंत्र घ्या. असेलच घरात, होळीनंतर माळ्यावर गेलेलं. शिजलेला डाळ-भात बारीक जाळीतून काढला की पाणी न घालता मऊ होतो, पुढच्या महिन्यात मोठ्या भोकांची जाळी लावायची, त्यापुढे वाटीच्या बुडाने किंवा काट्याने कुस्करायचं. दोन चमचे असले तरी चालतं. शिजवायलाही वेगळं काही नको. घरचा कुकर लागतो तेव्हा त्यातच एका लहान झाकणाच्या डब्यात बाळाचा डाळ-भात ठेवायचा, मीठ-मसाला न घालता. नवा कुकर घेणार असाल तर आयएसआयची खूण बघा.

मिक्सरच वापरायचा असेल तर चटणीचं एक भांडं बाळापुरतं वेगळं घ्या, मिळेल तितकं लहान. मिरची वाटलेलं भांडं कितीही घासलं तरी झाकणाच्या रबरात आणि पात्याखाली तिखट राहतंच. रबर काढून धुता येतं का, हे विकत घेतानाच बघावं. चांदीची वाटी मामाने उष्टावणाला दिली असेल तर जरूर वापरा, फक्त नक्षीची नको, खाचांत अन्न अडकतं. तीच तक्रार बाळाला दूध पाजायच्या जुन्या बोंडल्याच्या नळीबद्दल. कल्हई उडालेलं पितळेचं भांडं बाळासाठी नकोच.

त्या दाबायच्या चमच्याविषयी मात्र स्पष्ट लिहिते. त्यातून फक्त पातळ खीरच येते. म्हणजे तो घेतला की अन्न पुन्हा पातळ करणं आलं. आणि त्याच्या शेजारी आपल्या यादीत दुधाची बाटलीही 'आवश्यक' म्हणून आहे. बाटल्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद असताना वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती अशी यावी, याचं आश्चर्य वाटलं.

पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक भांड्यापुढे एक रकाना वाढवावा: कमीत कमी किती चमचे अन्न पाणी न घालता वाटता येतं. कंपन्यांना विचारून बघा. उत्तर आलं नाही तर आपल्या कार्यालयात दोन चमचे मऊ भात घेऊन स्वतःच वाटून पाहावं आणि जे दिसेल ते छापावं.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका, कराड