कला शाखेलाही गणित हवे, तेही मराठीतून

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून पूर्ण करता येतात. दहावीनंतर गणित सुटलेल्या कला शाखेच्या मुलांसाठी आपल्या विद्यापीठांनी या सोयीचा उपयोग करून मराठीतून गणिताचा अभ्यासक्रम सुरू करावा.

त्यात कलनशास्त्र नको. व्याज, टक्केवारी, सरासरी व मध्यक यांतला फरक आणि संभाव्यता एवढे नीट शिकवले तरी खूप झाले. एक लाखाचे कर्ज वर्षभरासाठी ‘फ्लॅट’ १० टक्क्यांनी घेऊन बारा समान हप्त्यांत फेडले, तर घटत्या शिल्लकेवर खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. मुद्दल दरमहा कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागते, म्हणून. इतिहासाच्या किंवा मराठीच्या पदवीधराला हा हिशेब स्वतः मांडता यायलाच हवा.

मात्र नुसत्या ध्वनिचित्रफिती टाकून भागणार नाही. गणिताची धास्ती घेतलेली मुले पहिल्याच अडलेल्या उदाहरणाला माघार घेतात. आठवड्यातून एकदा तरी शंकानिरसनाचा थेट तास ठेवावा, आणि तो संध्याकाळी, कारण यातली कित्येक मुले दिवसा काम करतात.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा