रिकाम्या हाताने आलेले

सांगली

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मायामीच्या घरमालकांचं बोलणं तू फोनवर सांगितलंस: आम्ही क्युबन रिकाम्या हाताने आलो, कुणापुढे हात पसरला नाही, आणि हे शहर उभं केलं; हैतीच्या लोकांना ते का जमलं नाही? वर तू म्हणालीस, "खरंय गं आई, जिद्द लागते." माझा जन्म बँकेच्या कर्ज विभागात गेला. 'रिकाम्या हाताने' असं कुणी म्हटलं की मी आधी कागद मागते. तेव्हा थोडं वाचलं, ते लिहिते.

१९५९च्या जानेवारीत क्युबात फिडेल कॅस्ट्रोची सत्ता आली. पहिल्या तीन-चार वर्षांत जे बाहेर पडले त्यांत डॉक्टर, वकील, कारखानदार, जमीनदार यांचा भरणा मोठा, आणि जवळजवळ सगळे गोरे. घरदार, शेतीवाडी, बँकेतला पैसा तिथेच राहिला, हे खरं. मायामीत येऊन वकिलांनी हॉटेलात भांडी घासली, बायका शेजारच्या हायालियाच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसल्या. त्या कष्टांना नावं ठेवायची नाहीत. पण शिक्षण, धंद्याची अक्कल आणि ओळखीपाळखी सरहद्दीवर कुणी काढून घेत नाही. पुढे कोका-कोलाचे प्रमुख झालेले रॉबेर्तो गोइझुएता ४० डॉलर घेऊन आले, हे सगळे सांगतात. ते येल विद्यापीठातले केमिकल इंजिनिअर होते, हवानात कोका-कोलाच्याच नोकरीत होते आणि कंपनीचे १०० शेअर त्यांच्या नावावर होते, हे सांगायच्या आधीच गोष्ट संपलेली असते.

आणि हात पसरावाच लागला नाही, कारण सरकार स्वतः पुढे आलं होतं. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, खास क्युबन निर्वासितांसाठी कार्यक्रम सुरू झाला: दरमहा मदत, धान्य, दवाखाना, दुसऱ्या शहरात बस्तान बसवायला पैसे. मायामी विद्यापीठाने क्युबन डॉक्टरांसाठी वेगळा अभ्यासक्रम काढला, म्हणजे त्यांना तिथे परवाना मिळावा. १९६६ च्या कायद्याने दोन वर्षं राहिलेल्या क्युबनाला कायम वास्तव्याची वाट मोकळी झाली. कम्युनिस्ट राजवटीतून पळालेला माणूस त्या वेळी अमेरिकेला जगाला दाखवायला हवाच होता.

मला सर्वांत रस वाटला तो कर्जांत. मायामीतल्या बँकांत बसलेले क्युबन अधिकारी आपल्या लोकांना तारणाशिवाय कर्ज देत. हवानात हा माणूस कोण होता, व्यवहाराला कसा होता, एवढ्यावर. आमच्याकडे असा अर्ज आला असता तर मी जामीनदार आणा म्हणून परत पाठवला असता. कर्जं बहुतेक फिटलीसुद्धा! पण ज्याची हवानात ओळखच नव्हती, त्या मोलकरणीला किंवा ऊसतोड्याला असं कर्ज कोण देणार होतं? घरमालकांना वेळ बघून विचार, त्यांच्या वडिलांनी पहिलं दुकान कुणाच्या पैशावर टाकलं. भांडू नकोस, भाडेकरार जूनपर्यंत आहे.

हैतीचे लोकही हुकूमशाहीतूनच पळत होते, फक्त तिथले हुकूमशहा ड्युव्हालिए कम्युनिस्ट नव्हते. १९८१ पासून त्यांच्या होड्या अमेरिकन तटरक्षक दल समुद्रातच अडवून मागे फिरवू लागलं. ज्याला किनाऱ्यालाच लागू दिलं नाही, त्याच्या जिद्दीचं माप कसं काढायचं?

क्युबनांतही सगळे एक नाहीत. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सहा महिन्यांत सव्वा लाख माणसं आली, बरीचशी कामगार, त्यांत काळेही पुष्कळ. कॅस्ट्रोने त्यांत तुरुंगातली काही माणसं घुसवली होती. खरे अट्टल गुन्हेगार थोडे, पण शिक्का सगळ्यांवर बसला. 'मारिएलितो' ही शिवी आधी आलेल्या क्युबनांच्याच तोंडी होती. आज क्युबन-अमेरिकन घरांचं उत्पन्न एकूण देशाच्या पातळीपेक्षा कमीच भरतं. तुझे घरमालक आपल्या ओळखीतली घरं मोजतात. अलीकडे आलेल्यांचं तर विचारूच नकोस: २०२३ मध्ये क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएलाच्या लोकांना एकाच योजनेखाली तात्पुरता प्रवेश दिला, आणि २०२५ मध्ये तो एकत्रच काढून घेतला.

हे सगळं मला का खुपलं, तर न्यू जर्सीचे आपले वसंतकाका. भारतीय कसे बुद्धीवर पुढे गेले आणि इतर कसे मागे राहिले, याचे फॉरवर्ड ते दर आठवड्याला पाठवतात. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेने इथून डॉक्टर-इंजिनिअर निवडून नेले. शेतमजूर काही नेला नव्हता. काका तर सरकारी कॉलेजात ई.बी.सी. सवलतीवर, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी-सवलतीवर, शिकले. तुझ्या आजोबांनी त्यांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, परवा ट्रंकेत सापडल्या. एकीचा फोटो सोबत पाठवतेय. तू दिवाळीला त्यांच्याकडे जाणार आहेस, तेव्हा फराळ होईपर्यंत तरी त्यांना दाखवू नकोस.

तुझी,
आई