गटेला शाकुंतल दिलं कोणी?

संपादक साहेब,

आषाढ लागला की कालिदासावर लेख येतात आणि त्यात जर्मन कवी गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला हे असतंच असतं. नाचला ही दंतकथा, पण चार ओळींची कविता मात्र त्याने खरंच केली, 1791 साली. पण त्याच्यापर्यंत ते नाटक पोचवलं कोणी? गेओर्ग फोर्स्टरने. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सचं इंग्रजी भाषांतर 1789 ला कलकत्त्यात छापलं, त्यावरून याने जर्मन केलं आणि एक प्रत गटेला पाठवली. त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेतच नाही.

आणि हा काही संस्कृत पंडित वगैरे नव्हता हं, निसर्गशास्त्राचा प्रोफेसर! जन्म 1754 चा, डान्झिगजवळ (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क). दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर रशियात व्होल्गाकाठी फिरला, सतराव्या वर्षी इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर निघाला, वडील जहाजावरचे निसर्गतज्ज्ञ आणि हा असिस्टंट, झाडं-पक्ष्यांची चित्रं काढायला. 1772 ते 75, अंटार्क्टिकाच्या बर्फापासून ताहितीपर्यंत. परत आल्यावर वडिलांचं नौदलाच्या साहेबांशी बिनसलं, सफरीचं वर्णन लिहायला मनाई झाली, तर पोराने ते स्वतःच्या नावाने लिहून कुकच्या पुस्तकाच्या सहा आठवडे आधी बाजारात आणलं. वय 22! त्यात बेटांवरच्या लोकांकडे तो माणूस म्हणून बघतो, खलाशांची दादागिरी पण झाकत नाही, मला हे त्याच्या सगळ्या शास्त्रापेक्षा मोठं वाटतं.

मग जर्मनीत कासेलला प्रोफेसर, विल्नाला (आताचं लिथुआनियातलं व्हिल्निअस) प्रोफेसर (तिथे जीव रमला नाही), 1788 पासून जर्मनीतल्याच माइन्झ विद्यापीठात ग्रंथपाल. 1790 ला पुढे मोठा निसर्गशास्त्रज्ञ झालेल्या तरुण अलेक्झांडर हम्बोल्टला घेऊन ऱ्हाइनच्या काठाने पार इंग्लंडपर्यंत गेला, हम्बोल्ट पुढेही त्याला गुरू मानायचा. 1792 ला फ्रेंच फौजा माइन्झमध्ये आल्या तेव्हा बडी मंडळी पळाली, हा मात्र फ्रेंच क्रांतीवाल्यांना जाऊन मिळाला, पुढच्या वर्षी तिथे प्रजासत्ताक झालं आणि हा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला, तोवर मागे शहराला जर्मन फौजांचा वेढा पडला. गंमत बघा, वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत कोण, तर गटे! फोर्स्टर परत येऊच शकला नाही, जानेवारी 1794 ला पॅरिसमध्येच वारला, जेमतेम 39 वर्षांचा. जर्मनीत देशद्रोही ठरला त्यामुळे तिथेही कितीतरी वर्षं नाव मागेच पडलं.

तर पुढच्या वर्षी दोन ओळी याच्यावर पण येऊ द्या. आणि फोटो गटेचा तोच तोच नको, फोर्स्टरची चित्रं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, त्यातला एखादा पक्षी छापा.

- एक वाचक, सांगली