गच्चीचं कुलूप आणि तंटा मिटवायची बैठक

मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जळगाव

विषय: सोसायटीतले तंटे समोरासमोर बसून मिटवण्यासाठी मध्यस्थ गट नेमण्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात गच्चीवर क्रिकेट खेळताना वाळत घातलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) तुडवल्या गेल्या, ते प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. तुडवणारा माझाच मुलगा. कमिटीने पाचशे रुपये दंड लावला, गच्चीला कुलूप घातलं. दंड मी त्याच दिवशी भरला. पण पहिल्या मजल्यावरच्या मावशी आमच्याशी बोलेनाशा झाल्या आणि मुलगा म्हणायला लागला, "पैसे दिले ना, मग आता काय?" ते मला फार लागलं.

शेवटी मीच त्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. मावशींनी त्याला समोर बसवून सांगितलं. तीन दिवस ज्वारी भिजवली, पहाटे उठून घाटा शिजवला, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर एकेक बिबडी थापली. पुण्याच्या लेकीला पाठवायच्या होत्या. "मना तीन दिन वाया ग्यात, पोरा." तो मान खाली घालून बसला. मग त्यानेच विचारलं, "परत कधी करणार?" पुढच्या रविवारी पहाटे तो त्यांच्यासोबत घाटा ढवळत होता. वॉचमनकडून किल्ली मागून घेतली, आणि दुपारपर्यंत गच्चीवर कावळे हाकायलाही तोच.

आमचं असं मिटलं. पण गळती, पार्किंग, टाकीचं पाणी यांवरून जी घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, त्यांचं काय? नोटिसा चालूच राहतात, आणि पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. 2007 पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम झाली. गावी पारावर बसून मिटवायची आपली रीतच आहे, इथे फ्लॅटमध्ये आल्यावर ती सुटली. 2023 च्या मध्यस्थी कायद्यातही वस्तीतल्या तंट्यांसाठी वेगळं प्रकरण आहे: आधी दोन्ही बाजूंची संमती, तीन मध्यस्थ, लेखी समझोता. तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. तरीही मला तो दंडाच्या पावतीपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही कमिटीबाहेरची तीन माणसं नेमावीत, त्यात एक बाई आणि एक भाडेकरू हवेतच. ज्याचं नुकसान झालं तो आधी बोलेल, मधे कोणी तोंड घालणार नाही. भरपाई काय, ते दोघं मिळून ठरवतील. वॉचमन आणि कामाला येणाऱ्या ताई यांनाही तिथे तक्रार मांडता यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मार्गदर्शनासाठी पत्र द्यावं, ते पत्र मी लिहून देईन.

एक मात्र पक्कं असावं. मारहाण, बाईवर हात उचलणं, लेकरांशी गैरवर्तन असलं काही या बैठकीत आणायचं नाही. तिथे पोलीसच. "आपसात मिटवा" म्हणून कुठल्याही बाईला गप्प बसवायला ही बैठक वापरली गेली, तर ती नसलेली बरी.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा ही विनंती. आणि गच्चीचं कुलूप याच आठवड्यात काढावं. मावशींच्या कुरडया अजून व्हायच्या आहेत.

आपली,
सभासद, फ्लॅट क्र. 302