ढाक्याचा फोटो पाहिलात, आता जरपालचंही ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१६ डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर १९७१ च्या युद्धाचा तोच फोटो फिरायला लागतो, ढाक्यात पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करतायत आणि शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत. फोटो अभिमानाचाच आहे, वाद नाही. पण त्याच तारखेला इकडे पश्चिम आघाडीवर, पाकिस्तानातल्या शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ २१ वर्षांचा एक पोरगा पेटलेल्या रणगाड्यात बसून लढत होता, त्याचं नाव आमच्या ग्रुपवर तरी कुणी काढत नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र, मरणोत्तर.

आडनाव पंजाबी आहे म्हणून आपल्याला लांबचा वाटत असेल तर ऐका. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. एनडीए खडकवासल्याची, आज तिथल्या परेड ग्राउंडला त्याचंच नाव आहे. रेजिमेंट रणगाड्यांची, १७ पूना हॉर्स. आणि युद्ध पेटलं तेव्हा हा आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे रणगाडा दलाच्या, शाळेत नवीन ऑफिसरांचा कोर्स करत होता, तो अर्धा टाकून पळाला फ्रंटवर. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालेलं, म्हणजे नोकरी जेमतेम सहा महिन्यांची!

१५ तारखेच्या रात्री आपल्या लोकांनी बसंतर ओलांडली, समोर सगळे सुरुंग पेरलेले, आणि इंजिनिअर्सची वाट पूर्ण साफ करून व्हायच्या आधीच पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे त्यातून घुसले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रेजिमेंटचे पॅटन रणगाडे चालून आले. पूना हॉर्सच्याच बी स्क्वाड्रनने, म्हणजे एका तुकडीने, मदत मागितली, हा ए स्क्वाड्रनचा, पण निघाला आपले रणगाडे घेऊन. शेवटी शेवटी तर समोरचे रणगाडे येतच होते आणि आपल्या बाजूला तिघंच अडवायला उभे, त्यातले दोन बंद पडले, उरला हा एकटा. त्याच्याही टँकला आग लागलेली, वायरलेसवर हुकूम आला की टँक सोड, तर याचं उत्तर असं की माझी तोफ अजून चालतेय, मी सोडणार नाही. शेवटचा पॅटन त्याने उडवला तेव्हा दोघांत अंतर होतं शंभर यार्ड. मग गोळा बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला युद्धबंदी झाली. एक दिवस हो, फक्त एक दिवस!

मला स्वतःला यातलं सगळ्यात जास्त आत लागतं ते मात्र तीस वर्षांनंतरचं. २००१ साली त्याचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वय ८१, आपलं फाळणीआधीचं सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. तिकडे त्यांचं सगळं आदरातिथ्य केलं ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी. निघायच्या आदल्या रात्री नासिर म्हणाले, मला तुम्हाला एक सांगायचंय, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. समोरचा पॅटन त्यांचाच होता. आता म्हाताऱ्या बापाने यावर काय बोलावं? ते स्वतः फौजी, त्यांनी समजून घेतलं. पण घरी फ्रेममधल्या पोराकडे बघताना त्यांच्या मनात काय आलं असेल ते तेच जाणोत.

हे सगळं लिहायचं कारण होर्डिंग नाही. होर्डिंगवर जवानाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांची तोंडं हातभर, ते आपण ठाण्यात नाक्यानाक्यावर बघतोच, तसलं अजून एक नको. आणि आजच्या पोरांना हिणवायला, बघा तो एकविसाव्या वर्षी काय करत होता आणि तुम्ही काय करताय, असल्या भाषणांचाही मला वैताग आहे, त्याने पोरं फक्त कान बंद करतात.

माझं म्हणणं साधं आहे. त्याचा तो रणगाडा, नाव फामागुस्ता, दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. नगरला लोकांसाठी टँक म्युझियमही आहे. ठाण्यातल्या शाळांच्या सहली दरवर्षी वॉटर पार्क नाहीतर रिसॉर्टला जातात, तिथे पोरं भिजतात, वडापाव खातात, परत येतात. जाऊ देत की, पण आठवी-नववीची एखादी सहल कल्याण, माळशेज, आळेफाट्यावरून नगरला काढा. जाऊन-येऊन एका दिवसात दमछाक होईल, तेव्हा मुक्कामाची सोय बघा. फामागुस्ता लष्कराच्या आवारात आहे, त्यामुळे तो बघायचा तर शाळेने आधी रीतसर पत्र टाकून विचारलेलं बरं. मुलांना बसंतरचा नकाशा बसमध्येच दाखवा, भाषण नको. आणि कुठली शाळा तयार असेल तर पालक म्हणून बसबरोबर यायला, पोरांची डोकी मोजायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे